निवडून न आलेल्यांचा सत्कार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचा मसुदा कार्यकारी मंडळापुढे प्रथम आला, तेव्हा त्यात 'नवनिर्वाचित नगरसेवकांचा सत्कार' एवढीच ओळ होती. नगरपरिषदेच्या निवडणुकीस आपल्या समाजातील सात व्यक्ती उभ्या राहिल्या होत्या. त्यांपैकी दोघे निवडून आले, पाच जण आले नाहीत. ज्यांनी मसुदा केला त्यांचा हेतू मुळीच वाईट नव्हता. विजयी माणसाला हार घालावा, नारळ द्यावा, त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, ही आपली रीत आहे; आणि रीत पाळताना मनुष्य फारसा विचार करीत नाही. मी मंडळास इतकेच कळविले की, सातही जणांना बोलावणार असाल तर मी बोलेन, एरवी दुसरा वक्ता पाहावा. वृद्धाचा हट्ट म्हणून तो मान्य झाला. पत्रिका मात्र तोवर छापून आल्या होत्या. त्या पुन्हा छापण्याचा खर्च मी देऊ केला आणि आपल्या कोषाध्यक्षांनी तो तत्काळ घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे. (हशा)

निवडून आलेल्या दोघा बांधवांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्याविषयी माझ्यानंतरचे वक्ते बोलणार आहेत आणि चांगले बोलतील अशी माझी खात्री आहे. माझा विषय उरलेल्या पाचांचा. त्यांची नावे मी घेत नाही. ती शेवटी चिटणीस वाचतील.

पराभूत उमेदवाराशी कसे बोलावे हे आपल्याला मुळी ठाऊकच नाही. निकालानंतर तो रस्त्यात दिसला की आपण एक तर दुसऱ्या बाजूच्या दुकानात शिरतो, नाही तर त्याचा हात हाती घेऊन, घरात काही अशुभ घडले असावे अशा आवाजात 'व्हायचे ते झाले' असे म्हणतो. कोणी जरा वाचलेला असला तर अपयश ही यशाची पहिली पायरी असल्याचे सांगतो आणि अब्राहम लिंकनचा दाखला देतो. त्या थोर पुरुषाविषयी मला अत्यंत आदर आहे. पण या दाखल्याने पडलेल्या माणसाचे समाधान होत नाही असा माझा अनुभव आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो की, पुढे तू राष्ट्राध्यक्ष झालास तर आजचे तुझे पडणे सार्थकी लागेल. न झालास तर ते गेलेच. आपल्या या पाच जणांपैकी कोणी पुढे राष्ट्रपती होईल असे मला वाटत नाही आणि त्यांनाही वाटत नसावे. पुढे काय होईल ते होवो. जे त्यांनी आजवर केले आहे त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

लिंकनची गोष्ट निघालीच आहे तर तिच्यातील एक बारकावा सांगतो. १८३२ साली तो इलिनॉय राज्याच्या विधिमंडळासाठी प्रथम उभा राहिला आणि तेरा उमेदवारांत आठवा आला. तो राहत होता त्या न्यू सेलेम गावच्या केंद्रावर मात्र पडलेल्या ३०० मतांपैकी २७७ मते त्याला मिळाली होती. ज्यांनी त्याला दुकानात बसलेला आणि शेजाऱ्यांच्या कामी पडलेला पाहिला होता त्यांनी त्याला मत दिले. बाकीच्या परगण्याला तो ठाऊकच नव्हता. आपल्या पाचांनीही आपापल्या केंद्रांचे आकडे त्या दृष्टीने एकदा वाचावेत. एकूण बेरजेखाली दडलेली अशी एखादी गल्ली प्रत्येकाला सापडेल.

आता या निवडणुकीकडे वळतो. आपल्या राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. निवडणुका पुढे पुढे गेल्या आणि जवळजवळ चार वर्षे नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. त्यातही काही ठिकाणचे मतदान लांबणीवर पडल्याने उच्च न्यायालयाने सर्व निकाल एकत्र लावण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी व्हावयाची मतमोजणी २१ डिसेंबरवर गेली. मतदान करून आपण सारे आपापल्या उद्योगाला लागलो. परंतु ज्यांचे भवितव्य त्या कुलूपबंद खोलीतील यंत्रांत होते, त्यांनी ते एकोणीस दिवस कसे काढले असतील, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला? एका उमेदवाराच्या मातोश्रींनी मला सांगितले की, त्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्या चार वर्षांचा मी मुद्दाम उल्लेख केला. प्रशासक हे शासनाचे अधिकारी; त्यांनी आपले काम केले. पण नळाला पाणी आले नाही, दिवा बंद पडला, जन्मनोंदीत नाव चुकले, तर आपण कोणाच्या दारी जात होतो? प्रभागाचा म्हणून कोणी नगरसेवक नव्हता. आपण जात होतो याच माणसांच्या दारी. ज्यांना पुढे उभे राहावयाचे होते असे गावात जे पंचवीस-तीस जण होते, त्यांनी कोणतेही पद नसताना ही कामे केली. 'निवडणुकीवर डोळा ठेवून केली' असे कोणी म्हणेल. म्हणू दे. ज्याने त्या डोळ्याने रात्री अकरा वाजता पाण्याचा टँकर आणून उभा केला, त्याच्या टँकरचे पाणी काही कमी ओले नव्हते.

आणि आणखी एक गोष्ट पाहा. त्या चार वर्षांत आपल्या गावात एकही माणूस हरला नाही! जेथे निवडणूकच नाही तेथे हरणार कोण? आपल्या देशातील नगरपालिकांचा प्रारंभही असाच होता. महात्मा जोतीराव फुले १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद झाले ते सरकारने नेमले म्हणून. तेव्हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमणुकीचीच पद्धत होती. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांचे तत्त्व मूळ धरू लागले. त्यानंतरही कितीतरी वर्षे मत देण्याचा आणि उभे राहण्याचा अधिकार कर भरणाऱ्या आणि मालमत्ता असणाऱ्या थोड्यांपुरताच होता. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने. जिंकण्याचा अधिकार मिळाला तेव्हा हरण्याचा अधिकारही त्याच दिवशी मिळाला, कारण दोन्ही एकाच पत्रिकेवर छापलेले असतात. एक जण जिंकावा म्हणून दुसऱ्या कोणाला तरी हरण्याची तयारी ठेवून अर्ज भरावा लागतो.

तो भरला नाही तर काय होते, तेही आपल्या राज्यात पाहावयास मिळाले आहे. बिनविरोध निवडणूक म्हटली की आपण कौतुक करतो. गावात एकोपा आहे असे मानतो. कधी तो असतोही. परंतु २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. तेथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे आढळून आले होते. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. बोलीची रक्कम देवळाच्या कामी लावावयाची, म्हणजे हेतूही धार्मिक! पण ज्याच्यापाशी दोन कोटी नाहीत आणि तरीही गावासाठी काही करावेसे वाटते, त्याने कोठे जावे? आपल्या पाच जणांनी अनामत रक्कम भरली, थकबाकी नसल्याचा दाखला आणला, मालमत्तेचे शपथपत्र केले, सूचक मिळविला आणि रीतसर आपले नाव लोकांपुढे ठेवले. त्यांच्या प्रभागांत लिलाव झाला नाही, निवडणूक झाली. जे जिंकले त्यांच्या विजयाला आज जी किंमत आहे, ती यांनी उभे राहून दिलेली आहे. निवडून आलेल्या दोघा बांधवांनाही हे मान्य होईल असे वाटते. कारण त्यांच्यासमोरही कोणीतरी उभे होतेच.

पराभवाला आपण लायकीचे माप समजतो, ही दुसरी चूक. मुंबई महानगरपालिकेच्या इतिहासातील एक प्रसंग सांगतो. सर फिरोजशहा मेहता यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा ज्या थोड्या लोकांच्या परिश्रमाने घडला, त्यांत ते अग्रभागी. पालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविलेले. त्या काळी पालिकेच्या ७२ जागांपैकी १६ जागा 'जस्टिस ऑफ द पीस' या मानकऱ्यांच्या मतांनी भरल्या जात. १९०७ साली काही वरिष्ठ युरोपियन अधिकारी आणि त्यांचे मित्र यांनी संगनमत केले की, फिरोजशहांचे पालिकेतील वर्चस्व मोडावयाचे. मते मोजली गेली तेव्हा सोळा जागांसाठी फिरोजशहा सतरावे आले. पुढे त्या सोळांपैकी एक जण कायद्याने अपात्र असल्याचे न्यायालयात ठरले आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. पालिकेच्या इमारतीसमोर आज पुतळा आहे तो याच सतराव्या गृहस्थांचा. शेवटी ते जिंकले म्हणून मी ही कथा सांगत नाही. सतरावे आल्याच्या संध्याकाळी घरी परतलेले फिरोजशहा आणि न्यायालयाच्या निकालानंतर पालिकेत बसलेले फिरोजशहा, यांच्या ज्ञानात, निष्ठेत किंवा वक्तृत्वात तसूभरही अंतर पडले होते काय?

याहून अलीकडचे उदाहरण त्याच महापालिकेतील २०१७ च्या निवडणुकीचे. प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी समान मते पडली. फेरमोजणी झाली तरी आकडा हलेना. मग कायद्यात सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. एका लहान मुलीने एक उचलली आणि एक गृहस्थ नगरसेवक झाले, दुसरे घरी गेले. त्या चिमुकल्या हाताला कोणाची योग्यता वाचता येत होती? बारा मतांनी, चाळीस मतांनी, दोनशे मतांनी जे हरतात, त्यांच्या बाबतीत तो हात नियतीचा नसून मतदारांचा असतो, हे खरे. मतदारांचा निर्णय शिरसावंद्य मानावा. तो निर्णय पाच वर्षे कोणी काम पाहावे याचा असतो. मनुष्य किती मोलाचा याचा तो नसतो.

आता मी स्वतःची एक गोष्ट सांगणार आहे. ती फारशी भूषणावह नाही.

मी पस्तिशीत असताना नगरपालिकेला उभा राहिलो होतो. तालुक्याच्या कोर्टात वकिली बरी चालत होती. वाटले, आपण उभे राहिलो की निवडून आलोच. तरीही प्रचारात कसूर केली नाही. प्रभागातील प्रत्येक घरी गेलो आणि जे ऐकले ते एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत घरवार लिहून ठेवले. कोणत्या घरी म्हातारी एकटी राहते, कोणत्या सार्वजनिक नळाची तोटी कधीपासून गळते, कोणत्या बोळात पावसाळ्यात गटाराचे पाणी उंबऱ्याशी येते आणि ते का येते, सारे त्या वहीत होते. अकरा मतांनी पडलो. दुसऱ्या दिवशी घरी कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. ते म्हणजे मला पाडून निवडून आलेले उमेदवार. ते आपल्या समाजाचे नव्हते. आज ते हयात नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, खालच्या आळीतले मला काही ठाऊक नाही. तुमच्यापाशी वही आहे असे ऐकतो. चार दिवस द्याल का?"

वही माझ्या पुढ्यातल्या मेजावर होती, वर्तमानपत्राखाली. मी म्हणालो, "कुठे ठेवली गेली कोण जाणे, सापडत नाही."

ते नमस्कार करून गेले. खालच्या आळीतल्या त्या बोळात पुढचे दोन पावसाळे घरांत पाणी शिरले. तिसऱ्या वर्षी गटार बांधले गेले. कोठे उतार द्यावयाचा हे शोधण्यातच पहिली दोन वर्षे गेली, असे पुढे ओव्हरसियरने मला सहज बोलता बोलता सांगितले. तो उतार माझ्या वहीत लिहिलेला होता. एका गवंड्याने तो मला उभ्या उभ्या समजावून दिला होता. ती वही अजून माझ्या पेटीत आहे. तिच्याविषयी मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या पाच जणांपाशीही अशा वह्या आहेत. हल्ली त्या भ्रमणध्वनीत असतात, एवढाच फरक. उमेदवार म्हणून जो मनुष्य दोन-तीन हजार उंबरे झिजवितो, त्याला प्रभागाची जी माहिती होते ती नगरपरिषदेच्या कोणत्याही कपाटात सापडावयाची नाही. निकालाबरोबर ती खोटी होत नाही. निवडून आलेल्यांनी ती मागावयास जावे आणि न आलेल्यांनी माझ्यासारखे वर्तमानपत्र तिच्यावर ओढू नये, एवढी माझी दोन्ही पक्षांना प्रार्थना आहे. शिवाय ती माहिती स्वतः वापरण्याचे मार्गही कायद्याने खुले ठेवले आहेत. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नगररचना कायद्यान्वये तीवर हरकती आणि सूचना देण्यासाठी नागरिकांना मुदत मिळते. कोणत्या रस्त्याच्या रेषेत कोणाची घरे जातात हे तेव्हा पाहावयाचे असते आणि आपण ते घर पाडावयास माणसे आल्यावर पाहतो. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने कोणाही नागरिकाला कामाची अंदाजपत्रके आणि देयके मागता येतात. त्यासाठी नगरसेवक असावे लागत नाही. प्रश्न काय विचारावयाचा ते ठाऊक असावे लागते आणि ते यांना ठाऊक आहे. स्वीकृत सदस्याच्या जागेकडे मात्र कोणी सांत्वनाचे बक्षीस म्हणून पाहू नये. नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असणाऱ्यांसाठी ती जागा घटनेने ठेवली आहे. या पाचांपैकी कोणाची तेथे खरोखर योग्यता असेल तर ती त्या कारणाने असावी.

आपल्या उमेदवारांत एक भगिनी होत्या. त्यांच्याविषयी दोन शब्द अधिक बोलणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण कोणता प्रभाग राखीव हे दर निवडणुकीला सोडतीने ठरते. पुरुष उमेदवार पडला तर आपण 'पुढच्या वेळी पाहू' असे म्हणतो. या भगिनींना तसे म्हणताना जरा थांबावे. पुढच्या सोडतीत त्यांच्या प्रभागावर कोणते आरक्षण पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. त्यांनी ज्या संधीसाठी जिवाचे रान केले, ती कदाचित एकदाच येणारी होती आणि हे ठाऊक असूनही त्या उभ्या राहिल्या.

या वेळी मतदाराने एकाच फेरीत नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातील सदस्यांसाठी दोन, अशी तीन मते द्यावयाची होती. कित्येक वृद्ध स्त्रियांना हे उमगत नव्हते. एक कळ दाबली की झाले, असा त्यांचा समज. या भगिनी सासूबाईंना बरोबर घेऊन दुपारच्या वेळी घरोघर गेल्या आणि पुठ्ठ्यावर काढलेल्या चित्रावरून तीन कळा कशा दाबावयाच्या हे समजावून आल्या. ज्या घरची मते आपल्याला नाहीत हे पक्के ठाऊक होते, त्या घरीही गेल्या. त्यांनी शिकविलेल्या कितीतरी आज्यांनी त्यांच्या विरुद्ध कळ दाबली असेल. पण ती नीट दाबली. (टाळ्या) मी स्वतः ते चित्र पाहिले आहे आणि, खरे सांगतो, मलाही ते पाहिल्यावरच नीट कळले.

आता अवघड विषयाकडे येतो. तो टाळावा असे मला दोघा-तिघा हितचिंतकांनी सुचविले. पण सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तोच आहे, तेव्हा टाळून काय उपयोग?

एकाच प्रभागात, एकाच जागेसाठी आपले दोघे बांधव उभे राहिले. दोघेही पडले. दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक भरते. त्या दिवसापासून आपल्यांत एक शब्दप्रयोग ऐकू येतो की, धाकट्याने थोरल्याची 'मते खाल्ली'. मत ही कोणाच्या ताटात आधीच वाढून ठेवलेली भाकरी आहे काय? ती मते थोरल्यांची केव्हा झाली होती? मतदाराने यंत्रासमोर उभे राहून दिली तेव्हाच ती कोणाची तरी झाली आणि ज्याला दिली त्याचीच झाली. केंद्रवार आकडे हाती घेऊन, अमुक गल्लीतील आपल्या घरांनी कोणाला दगा दिला याचा हिशेब मांडण्याचा उद्योगही काही घरांत चालला आहे. मत गुप्त असते ते कशासाठी? आपली संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, वसतिगृह चालविते, अडल्यानडल्याला हात देते. मतांची वसुली हे तिचे काम तिच्या घटनेत कोठेही लिहिलेले नाही. मी ती घटना तयार करणाऱ्यांपैकी एक आहे.

असे असूनही मी काय केले ते ऐका. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आदल्या रात्री काही मंडळींनी मला गळ घातली आणि मी धाकट्याच्या घरी गेलो. समाजाच्या हितासाठी माघार घे, असे त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, मी समाजाच्या वतीने उभा नाही. आमच्या भागात पाणी पहाटे तीन वाजता येते, त्यासाठी उभा आहे. आणि तुम्ही मला सांगायला आलात. हेच थोरल्यांना सांगायला त्यांच्याकडे गेला होतात का?"

मी गेलो नव्हतो. ते वडीलधारे, प्रतिष्ठित. माघार धाकट्याने घ्यावयाची हे मी गृहीतच धरले होते. उत्तर न देता मी उठलो. त्याच्या पत्नीने दिव्याच्या उजेडात मला पायऱ्या उतरवून दिल्या. त्या मुलाची आज सर्वांसमक्ष मी क्षमा मागतो. थोरल्यांचीही मागतो, कारण त्यांच्या वतीने मी रदबदली केली ती त्यांना न विचारता आणि ते तसे करण्यास सांगणाऱ्यांपैकी नाहीत, हे मला मागाहून कळले.

मौज अशी की, पाण्याच्या त्या तीन वाजताच्या वेळेचा उल्लेख प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात थोरल्यांच्या पत्रकातही आला आणि जो तिसरा निवडून आला त्याच्या पत्रकातही आला. धाकट्याने प्रश्न काढला नसता तर तो कोणाच्याच पत्रकात नसता. आता पाण्याची वेळ बदललीच तर श्रेय कोणाचे, यावर वाद घालण्यास आपण मोकळे आहोत. पाणी मात्र सर्वांकडे त्याच वेळेला येईल.

परंतु या दोन घरांत संक्रांतीला तिळगूळ गेला नाही. हळदीकुंकवाची बोलावणी झाली नाहीत. दोन्ही घरच्या मुली एकाच शाळेत, एकाच बाकावर बसतात. त्यांना वेगळ्या बाकांवर बसावयास सांगण्यात आले असे ऐकतो. वडीलधाऱ्यांचा रुसवा एक वेळ समजू शकतो. पण त्या मुली अजून मतदारही नाहीत! ज्यांनी हे सांगितले त्यांना मी दोष देत नाही. निकालानंतर आपण बाकीच्यांनी जी कुजबुज चालविली, तिच्या दडपणाखाली त्यांनी ते केले. कुजबुज आपली होती आणि ती थांबविणे आपल्या हाती आहे.

संस्थेकडून काय होऊ शकते, याविषयी एक-दोन गोष्टी सांगून संपवितो. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पडलेल्यालाही तो चुकत नाही आणि न दिल्यास पुढे अपात्र ठरण्याची वेळ येते. विजयी उमेदवाराकडे हिशेब लिहावयास दहा जण धावतात. पडलेला पावत्यांचा गठ्ठा घेऊन एकटाच बसलेला असतो. या वेळी आपल्या एका हिशेबतपासनीस बांधवांनी पाचही जणांचे हिशेब बिनमोबदला लिहून दिले. त्यांना प्रसिद्धीचा तिटकारा असल्याने नाव घेत नाही, पण दुसऱ्या रांगेत ते मान खाली घालून बसले आहेत. (टाळ्या) ही व्यवस्था संस्थेने कायमची करावी आणि ती केवळ आपल्या समाजापुरती ठेवू नये, असा ठराव मी मंडळाकडे दिला आहे.

दुसरी गोष्ट आजच्या समारंभाची. चिटणीसांपाशी जी यादी आहे ती सात नावांची आहे आणि ती अकारविल्हे आहे. कोण निवडून आले, कोण आले नाही, याची खूण तीत नाही. प्रत्येकाला एक नारळ आणि एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही देण्यात येईल. वह्यांचा खर्च मी देऊ केला होता. या वेळी तो संस्था करील असे कोषाध्यक्षांनी कळविले, याचे मला सखेद आश्चर्य वाटले. (हशा) त्या एका प्रभागातील आपल्या दोघा बांधवांची नावे यादीत लागोपाठ येतात, म्हणून ते व्यासपीठाच्या पायऱ्या एकामागून एक चढतील. हा योग मी जुळवून आणलेला नाही, वर्णमालेने आणला आहे. पायऱ्या जरा उंच आहेत. धाकट्याने थोरल्यांना हात द्यावा.

चिटणीसांना विनंती की त्यांनी पहिले नाव वाचावे.